अफगाण स्त्रियांच्या मैत्रीच्या कादंबऱ्या कशा वाचाव्यात

अफगाणिस्तानातील स्त्रियांविषयीच्या कादंबऱ्यांत युद्ध बहुतेक वेळा दाराबाहेर चालू असते आणि खरी कथा दाराच्या आत, स्वयंपाकघरात, अंगणात किंवा तुरुंगाच्या कोठडीत घडते. या कादंबऱ्या वाचून डोळे भरून येतात आणि बहुतेक वाचकांचे वाचन तिथेच थांबते. मला मात्र वाटते की, त्यांतील मैत्रीला केवळ भावनेच्या अंगाने पाहिले, तर लेखकाने मांडलेला अर्ध्याहून अधिक आशय हातातून निसटतो. ज्या देशात सरकारे कोसळली, न्यायालये बंद पडली आणि माहेरचे दारही मिटले, तिथे एक स्त्री दुसरीसाठी सुईण, शिक्षिका, साक्षीदार आणि कधीकधी एकमेव कायदेशीर आधार होते. म्हणजे मैत्री तिथे एका मोडलेल्या व्यवस्थेची जागा घेते. ही गोष्ट पानापानांतून कशी शोधायची, त्यासाठी कोणती तयारी करायची आणि कोणत्या क्रमाने वाचायचे, हे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: पुस्तकांची निवड आणि क्रम

सुरुवात खालिद हुसैनी यांच्या 2007 साली प्रकाशित झालेल्या ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ या कादंबरीने करावी. ती सर्वाधिक वाचली गेली, हे त्याचे कारण नव्हे. एकाच घरात आणि एकाच नवऱ्याच्या सत्तेखाली आलेल्या दोन स्त्रियांचे नाते शत्रुत्वापासून मायलेकींच्या जवळिकीपर्यंत कसे जाते, हे ती सुमारे तीस वर्षांच्या इतिहासाला धरून दाखवते. त्यामुळे पुढच्या सर्व वाचनाचा कालपट एकदाच मनात पक्का होतो.

त्यानंतर नादिया हाशिमी यांच्या दोन कादंबऱ्या घ्याव्यात. ‘द पर्ल दॅट ब्रोक इट्स शेल’ (2014) या कादंबरीत दोन काळ आलटून पालटून येतात. एक विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे, तर दुसरा 2007 च्या आसपासचा. इथे स्त्रियांचा आधार पिढ्यांमधून वाहतो, कारण पाठीने अधू असलेली मावशी भाचीला पणजीच्या आईची कथा सांगत राहते आणि त्या कथेतूनच भाचीला स्वतःची वाट दिसू लागते. ‘अ हाउस विदाउट विंडोज’ (2016) ही कादंबरी काबूलमधील चिल महताब या स्त्रियांच्या तुरुंगात घडते आणि एकमेकींना कधीही न भेटलेल्या बायका भिंतींच्या आत कशा जवळ येतात, याचे चित्र उभे करते.

चौथे पुस्तक अतिक रहीमी यांचे ‘द पेशन्स स्टोन’ असावे. मूळ फ्रेंचमध्ये लिहिलेल्या या छोट्या कादंबरीला 2008 सालचा गोंकूर हा फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. हिच्यात मैत्री जवळजवळ नाहीच. मानेत गोळी लागून बेशुद्ध पडलेल्या नवऱ्याशेजारी बसून एक स्त्री त्याच्याशीच बोलते, कारण ऐकायला दुसरे कोणी नाही. आधीच्या तीन कादंबऱ्यांनंतर हे पुस्तक वाचले की मैत्रिणीच्या अभावाची किंमत कळते आणि म्हणूनच ते पहिले वाचू नये. पाचवे पुस्तक, ‘माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड’ हा 2022 चा कथासंग्रह, कादंबरी नसूनही या यादीत आवश्यक आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दुसरी पायरी: एका पानाचा कालपट

वाचन सुरू करण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर मोजक्या तारखा लिहून ते पान पुस्तकात ठेवावे. या कादंबऱ्यांतील पात्रे सत्ताबदलाविषयी फारसे बोलत नाहीत, परंतु त्यांच्या घरातला प्रत्येक निर्णय त्या बदलाशी बांधलेला असतो.

जुलै 1973 मध्ये दाऊद खान यांनी राजे जाहीर शाह यांना पदच्युत करून प्रजासत्ताक घोषित केले. 27 एप्रिल 1978 रोजी कम्युनिस्टांनी दाऊद यांची सत्ता उलथवली. डिसेंबर 1979 च्या अखेरीस सोव्हिएत फौजा शिरल्या आणि 15 फेब्रुवारी 1989 रोजी त्यांचा शेवटचा सैनिक परतला. एप्रिल 1992 मध्ये नजीबुल्ला यांचे कम्युनिस्ट सरकार पडले आणि सोव्हिएत फौजांशी लढलेल्या मुजाहिदीन गटांनी काबूलच्या वस्त्यांमधून एकमेकांवर अग्निबाण डागायला सुरुवात केली. 27 सप्टेंबर 1996 रोजी तालिबानने काबूल घेतले, नोव्हेंबर 2001 मध्ये ते तिथून हटले आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी पुन्हा आले.

या तारखांपैकी 1992 ते 1996 हा टप्पा विशेष लक्ष देऊन वाचावा. स्त्रियांवरील सगळे निर्बंध तालिबानपासून सुरू झाले, असा समज घेऊन वाचणाऱ्याला ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’मधील एक महत्त्वाचा प्रसंग चुकीचा कळतो. मरियम आणि लैला या दोन सवती पाकिस्तानातील पेशावरला पळून जाण्याचा प्रयत्न करतात, तेव्हा काबूलवर तालिबान नव्हे, मुजाहिदीनांचे सरकार आहे. तरीही पुरुष नातेवाइकाशिवाय प्रवास करणाऱ्या स्त्रिया म्हणून त्या पकडल्या जातात आणि घरगुती बाब म्हणून त्यांना नवऱ्याच्या हवाली केले जाते. कालपट समोर असला की वाचकाला दिसते की, अत्याचाराची यंत्रणा 1996 पूर्वीच तयार होती आणि नंतरच्या राजवटीने ती अधिक कठोर केली.

2021 मध्ये तालिबान परतेपर्यंत अफगाणिस्तानात सौर हिजरी कालगणना अधिकृतपणे चाले आणि नवे वर्ष नवरोजला, म्हणजे वसंतसंपाताच्या सुमारास सुरू होई. कादंबरीत 1357 असे वर्ष आले, तर त्यात 621 मिळवावेत. वर्षाच्या शेवटच्या सुमारे तीन महिन्यांसाठी 622 मिळवावे लागतात. महिन्यांची नावे बारा राशींवरून आहेत, त्यामुळे मेष, वृषभ, मिथुन हा क्रम ज्याला पाठ आहे, त्याला हमल, सौर, जौझा हा क्रम लक्षात ठेवणे जड जात नाही. 1978 च्या उठावाला ‘सौर क्रांती’ म्हणतात, कारण तो सौर या दुसऱ्या महिन्यात झाला; सूर्याशी त्या नावाचा संबंध नाही.

तिसरी पायरी: घराचे नियम समजून घेणे

नकाशापेक्षा या कादंबऱ्यांत घराची रचना अधिक महत्त्वाची असते. नकाशासाठी काबूल, हेरात, मझार-ए-शरीफ, कंदहार आणि पाकिस्तानातील पेशावर ही पाच ठिकाणे ओळखता आली, तरी पुरेसे आहे. घराच्या बाबतीत मात्र काही संकल्पना आधीच माहीत असाव्यात, अन्यथा पात्रांची भीती अनाकलनीय वाटते.

महरम म्हणजे ज्याच्याशी विवाह निषिद्ध आहे असा जवळचा पुरुष नातेवाईक किंवा स्वतः नवरा. स्त्रीने त्याच्याच सोबतीने बाहेर पडावे, असा नियम. आपण ज्याला सरसकट बुरखा म्हणतो, त्या डोळ्यांपुढे जाळी असलेल्या संपूर्ण वस्त्राला तिथे चादरी म्हणतात. बचा पोश ही मुलगा नसलेल्या कुटुंबात एखाद्या मुलीला मुलाचे कपडे घालून, मुलाचे नाव देऊन वाढवण्याची प्रथा आहे आणि वयात आल्यावर तिला परत मुलगी व्हावे लागते. बाद म्हणजे खून किंवा वैर मिटवण्यासाठी दुसऱ्या कुटुंबाला मुलगी देणे. सवतीला दरी, म्हणजे अफगाण फारसी, भाषेत अंबाघ म्हणतात. नामूस म्हणजे घरातील स्त्रियांच्या आचरणाशी जोडलेली पुरुषाची प्रतिष्ठा. शेवटच्या संकल्पनेकडे वाचकाने सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण या कादंबऱ्यांतील पुरुषांची बहुतेक हिंसा याच प्रतिष्ठेच्या नावाने होते आणि शेजारी, पोलिस, न्यायाधीश तिच्याकडे याच कारणाने पाठ फिरवतात.

‘अ हाउस विदाउट विंडोज’ वाचण्यापूर्वी आणखी एक बाब जाणून घ्यावी. 2001 नंतरच्या प्रजासत्ताकात स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध 2009 मध्ये स्वतंत्र कायदा आला. तरीही घरातून पळून जाणे किंवा विवाहबाह्य संबंध यांसारख्या ‘नैतिक गुन्ह्यां’साठी स्त्रियांना तुरुंगात टाकले जात राहिले. घरातून पळून जाणे हा दंडसंहितेत लिहिलेला गुन्हा नसतानाही हे घडत होते. पतीच्या खुनाचा आरोप असलेली झेबा तुरुंगात येते, तेव्हा तिच्या कोठडीतील बायका अशाच आरोपांखाली आलेल्या आहेत. कायदा कागदावर आहे आणि न्याय मिळत नाही, या फटीत त्यांचे नाते जन्माला येते, हे आधीच माहीत असले तर त्यांच्या विनोदालाही वेगळी धार चढते.

चौथी पायरी: देवघेवीची वही

हीच या संपूर्ण पद्धतीतील मुख्य पायरी आहे, म्हणून तिला सर्वाधिक वेळ द्यावा. वाचताना एक वही जवळ ठेवून तिच्या पानांवर तीन रकाने आखावेत: कोणी दिले, काय दिले, त्यासाठी कोणता धोका पत्करला. पात्रे एकमेकींना ‘बहीण’ म्हणतात की नाही, हे नोंदवू नये, कारण शब्द स्वस्त असतात. भाकरीचा तुकडा, तान्ह्या मुलाला धरून बसण्याची एक रात्र, नवऱ्यापुढे सांगितलेले खोटे, शिकवलेले अक्षर, पाहूनही न पाहिल्यासारखे करणे या गोष्टी मात्र आवर्जून लिहाव्यात.

‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’मध्ये ही वही कशी भरते, ते पाहू. लैला सवत म्हणून घरात येते, तेव्हा सुरुवातीच्या नोंदी जवळजवळ सगळ्या उलट्या दिशेच्या असतात. मरियम तिला काहीही देत नाही. कामाची वाटणी, स्वयंपाकघरावरचा हक्क आणि हरवलेल्या वस्तूंचे आरोप यांतच पाने जातात. पहिली खरी नोंद होते ती नवरा पट्टा घेऊन मरियमवर धावून येतो आणि लैला त्याला अडवते, तेव्हा. तिसऱ्या रकान्यात इथे ‘स्वतः मार खाण्याचा’ असे लिहावे लागते. त्यानंतर मरियमकडचे बाळाचे कपडे लैलाच्या दाराशी येतात आणि मग दोघी अंगणात बसून चहा पितात, एकाच भांड्यातला हलवा खातात. प्रसंग साधा आहे आणि घाईत वाचणाऱ्याला तो केवळ विसाव्याचा वाटेल. परंतु वही सांगते की, त्या चहाआधी दोन मोठ्या देण्या झालेल्या आहेत आणि हा चहा म्हणजे करार आहे. पुढे कादंबरी ज्या टोकाला जाते, तिथली देणगी किती मोठी आहे, हे त्या चहापासूनच्या नोंदी पाहिल्याशिवाय उमगत नाही. शेवट इथे सांगत नाही, कारण तो वाचकाने स्वतः गाठावा.

वहीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. देवाणघेवाण क्वचितच समान असते. एक स्त्री वयाने मोठी, निपुत्रिक आणि निरक्षरतेच्या उंबरठ्यावर असते, दुसरी शिकलेली आणि तरुण. एकीकडे गमावण्यासारखे फार थोडे असते, दुसरीकडे मुले असतात. जिच्याकडे कमी आहे तीच अधिक देते, असे वारंवार दिसेल. हे लेखकाचे भावनिक कौशल्य आहे की त्या समाजातील वास्तव, हा प्रश्न मनात ठेवून वाचावे. माझ्या मते दोन्ही आहे आणि लेखक जिथे त्यागाला फार सहज सुंदर करतो, तिथे वाचकाने थोडे थांबून त्या पात्राला दुसरा पर्याय होता का, हे तपासावे.

‘द पर्ल दॅट ब्रोक इट्स शेल’मध्ये हीच वही वेगळ्या रीतीने भरते. तिथे रहीमाला मिळणारी मुख्य देणगी कथा हीच आहे. तिची मावशी शाइमा, जिचे लग्न होऊ शकले नाही आणि जिला म्हणूनच नवऱ्याच्या आज्ञेशिवाय ये-जा करता येते, ती पणजीची आई शेकिबा हिची कहाणी हप्त्याहप्त्याने सांगते. शेकिबा पुरुषी वेशात राजे हबीबुल्ला यांच्या जनान्याची राखण करते. रहीमा मुलगा म्हणून वाढते आणि तेराव्या वर्षी एका सरदाराची बायको होते. आधीच्या स्त्रीने काय केले हे माहीत असणे, हीदेखील देणगीच आहे, हे वाचकाच्या ध्यानात यायला हवे.

पाचवी पायरी: सोसणे आणि तगून राहणे यांतला भेद

या कादंबऱ्यांविषयी बोलताना ‘सोशिक’ हा शब्द फार सहज वापरला जातो आणि त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो. चांगल्या कादंबरीत तगून राहणे ही कृती असते. मुलीला अनाथालयात ठेवून तिला भेटण्यासाठी एकटीने रस्ता ओलांडणारी लैला सोसत नाही; ती रोज ठरवते, रोज मार खाते आणि पुन्हा निघते. प्रत्येक प्रकरण संपल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा: या प्रकरणात या स्त्रीने कोणता निर्णय घेतला? उत्तर सलग तीन-चार प्रकरणांत ‘कोणताच नाही’ असे आले, तर लेखक तिच्या दुःखाचे प्रदर्शन मांडत असण्याची शक्यता आहे आणि वाचकाने तसे स्पष्ट म्हणावे.

हिंसेचे प्रसंग वाचताना एका बैठकीत फार पाने पुढे जाऊ नये. भूल न देता होणारी शस्त्रक्रिया, तुरुंग, मारहाण हे या पुस्तकांत टाळता येत नाही. 1997 मध्ये तालिबानने काबूलमधील स्त्री-रुग्णांना सर्वसाधारण रुग्णालयांतून बाहेर काढून सुविधा नसलेल्या ठिकाणी पाठवण्याचा आदेश काढला होता, हे ठाऊक असले म्हणजे तो शस्त्रक्रियेचा प्रसंग कल्पनेची अतिशयोक्ती वाटत नाही.

सहावी पायरी: कोण सांगते आहे, हे पाहणे

हुसैनी यांचा जन्म काबूलचा, 1965 चा. 1976 मध्ये कुटुंब पॅरिसला गेले आणि 1980 मध्ये अमेरिकेत आश्रयाला आले. म्हणजे ज्या युद्धाचे वर्णन ते करतात, त्या काळात ते तिथे नव्हते. हाशिमी यांचा जन्म अमेरिकेत, अफगाण आईवडिलांच्या पोटी झाला. रहीमी फ्रान्समध्ये स्थायिक झाले. या अंतरामुळे त्यांची पुस्तके खोटी ठरत नाहीत. परंतु ती प्रामुख्याने परदेशी वाचकासाठी लिहिली गेली आहेत, म्हणून त्यांत प्रथा समजावून सांगणारी वाक्ये अधिक असतात आणि कथेचा ओढा सुटकेकडे असतो. अशी वाक्ये पेन्सिलीने खुणावली, तर लेखकाने कोणाला समोर धरून लिहिले आहे, ते लगेच दिसते.

याउलट ‘माय पेन इज द विंग ऑफ अ बर्ड’मधील कथा अठरा अफगाण स्त्रियांनी दरी आणि पश्तो भाषांत लिहिल्या आणि नंतर त्यांचा इंग्रजी अनुवाद झाला. यांत बऱ्याच ठिकाणी काहीही समजावून सांगितलेले नाही, शेवट अर्धवट वाटतात, घरातली एखादी वस्तू किंवा कार्यालयाकडे जाणारा एक रस्ता एवढाच विषय असतो. चार कादंबऱ्यांनंतर या कथा वाचल्यावर त्यांचा संयम जाणवतो. याच गटातील लेखिकांनी ऑगस्ट 2021 नंतर एकमेकींना पाठवलेल्या संदेशांतून ‘माय डिअर काबूल’ हे 2024 चे पुस्तक घडले आणि त्यात मैत्री हा विषय न राहता लेखनाची पद्धतच बनली आहे.

सातवी पायरी: कादंबरीशेजारी कविता ठेवणे

पश्तो स्त्रियांत लंडई हा लोककवितेचा प्रकार आहे. दोन ओळी, पहिलीत नऊ आणि दुसरीत तेरा अक्षरावयव, कर्ती अनाम. जात्यावरच्या ओवीने वाढलेल्या वाचकाला तिचे काम लगेच ओळखू येईल: नवऱ्याविषयी, विरहाविषयी, युद्धाविषयी जे उघड बोलता येत नाही, ते बायका एकमेकींमध्ये गाऊन बोलतात आणि कवयित्रीचे नाव नसल्याने कोणाला शिक्षाही करता येत नाही. इंग्रजीत काही लंडयांचे अनुवाद उपलब्ध आहेत. कादंबरीच्या दोन भागांमध्ये त्या वाचाव्यात.

हेरातची हकिकत तर कादंबरीइतकीच विलक्षण आहे. 1996 नंतरच्या वर्षांत तिथल्या तरुणी ‘सोनेरी सुई’ नावाच्या शिवणवर्गाला जात, हातात कापड आणि कात्री घेऊन. आत विद्यापीठातले प्राध्यापक मुहम्मद अली रहयाब त्यांना साहित्य शिकवत. त्या वर्गातून आलेली कवयित्री नादिया अंजुमन हिचा ‘गुल-ए-दूदी’ हा संग्रह 2005 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पतीच्या मारहाणीनंतर तिचा मृत्यू झाला. तेव्हा ती पंचविशीतही पुरती नव्हती. ‘द पेशन्स स्टोन’ तिच्या स्मृतीला अर्पण केलेले आहे. हे माहीत झाल्यावर त्या कादंबरीतील स्त्रीचे एकटे बोलणे एका खऱ्या, बंद केलेल्या आवाजाशेजारी ऐकू येते.

आठवी पायरी: चार-पाच जणींनी किंवा जणांनी मिळून चर्चा करणे

शक्य असेल तर प्रत्येक पुस्तकासाठी दोन बैठका ठेवाव्यात. पहिलीत केवळ वह्या एकमेकांना दाखवाव्यात आणि कोणत्या नोंदी कोणाला दिसल्या नाहीत, ते पाहावे. मते नंतर यावीत. दुसऱ्या बैठकीसाठी हे प्रश्न उपयोगी पडतात. या दोघी शांततेच्या काळात भेटल्या असत्या, तर मैत्रिणी झाल्या असत्या का? वंश आणि भाषा, म्हणजे पश्तून, ताजिक, हजारा असणे, नात्याच्या आड कुठे येते? सासू, नणंद किंवा थोरली सवत हीच पुरुषाच्या सत्तेची पहारेकरी कुठे होते आणि लेखक तिला तिची कारणे देतो का? चांगला पुरुष कथेत कशासाठी आहे? त्याच्याशिवाय सुटका शक्य होती का?

शेवटचा प्रश्न वर्तमानाचा असावा. सप्टेंबर 2021 पासून मुलींना सहावीनंतर शाळा बंद आहे. 20 डिसेंबर 2022 रोजी विद्यापीठेही बंद झाली आणि 2023 च्या जुलैमध्ये स्त्रियांची ब्युटी पार्लर बंद करण्याचा आदेश अमलात आला. पुरुषांना प्रवेश नसलेल्या आणि बायकांना निर्धास्तपणे बसून बोलता येईल अशा ज्या मोजक्या जागा उरल्या होत्या, त्यांपैकी ही एक होती. बैठकीत प्रत्येकाने आपल्या वहीतील देवघेव कोणत्या ठिकाणी झाली, याची यादी काढावी: अंगण, विहीर, हमाम (सार्वजनिक स्नानगृह), कोठडी, शिवणवर्ग, रुग्णालयाचा व्हरांडा. मग त्यांतील कोणत्या जागा आज तिथल्या स्त्रीला उपलब्ध आहेत, ते एकेक करून तपासावे आणि त्यावरून पुढचे वाचन ठरवावे, कारण 2021 नंतर लिहिल्या जाणाऱ्या कथांत या भेटी फोनच्या पडद्यावर आणि घरातल्या गुप्त वर्गांत होऊ लागल्या आहेत.